रस्त्याकडेचा धोका व त्याची जबाबदारी

ता. १८ जुलै २०२४ रोजी पंढरीची वारी करून परतणाऱ्या वारकऱ्यांची गाडी जालना–राजूर मार्गावर तुपेवाडीजवळ रस्त्याकडेच्या विहिरीत पडली व सात माणसे दगावली. समोरून आलेल्या दुचाकीस वाचविण्याकरिता चालकाने गाडी बाजूस घेतली आणि बाजूस विहीर होती, इतकाच त्या घटनेचा सारांश. असा प्रसंग घडला म्हणजे लोक प्रथम चालकाविषयी विचारतात. तो किती वेगात होता, शुद्धीवर होता काय, गाडीत माणसे किती होती, हे प्रश्न गैर आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु विहीर कोणाची, ती रस्त्याच्या इतकी जवळ कशी आली आणि तिला कठडा घालणे कोणाचे काम होते, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. सरकारी कागदावर तर त्याहूनही क्वचित उमटतात.

अपघाताच्या फिर्यादीतील ठराविक वाक्य आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावरून गेले असेल: ‘वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणाने चालवून’. हे वाक्य एकदा लिहिले गेले म्हणजे पुढील सर्व कागद त्याच वळणाने जातात. महसूल खात्यात लेखणी झिजविल्यामुळे आम्हांस एवढे निश्चित कळते की, पहिल्या कागदावर जे आले नाही ते शेवटच्या कागदावर आणणे महाकर्मकठीण असते. रस्त्यावरचा खडीचा ढीग दुसऱ्या दिवशी उचलला जातो, खड्ड्यात मुरूम पडतो, बंद पडलेली ट्रॉली ओढून नेली जाते, आणि मयताच्या वारसांपाशी उरतो तो केवळ चालकाच्या दोषाचा दाखला. पुष्कळदा तो चालकही मयतच असतो.

थोरामोठ्यांच्या बाबतीतही याहून निराळे घडत नाही. ता. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी वारले. तेथे तीन पदरांचा रस्ता पुलाच्या तोंडाशी दोन पदरांचा होतो, यावर त्या काळी बरेच लिहिले गेले. गुन्हा मात्र नोंदला गेला तो मोटार चालविणाऱ्या बाईंवर. त्यांचा दोष किती हे न्यायालय ठरवील. आम्हांस दाखवावयाचे आहे ते इतकेच की, रस्त्याच्या रचनेविषयी बोलणारे पुष्कळ आणि तिच्याबद्दल जाब देणारा कोणी नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले. ता. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूर तालुक्यात, जांबरगावच्या टोलनाक्याच्या परिसरात, सैलानी बाबांचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची छोटी बस एका ट्रकवर मागून आदळली आणि बारा जणांचा अंत झाला. तो ट्रक परिवहन खात्याच्या पथकाने थांबविल्यामुळे मार्गावर उभा होता, असा आरोप होऊन दोन अधिकारी व ट्रकचालक यांना अटक झाली. मागून आदळणारा तोच दोषी, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. या प्रकरणात पोलिसांनी तिच्यापुढे जाऊन, रस्त्यावर अडथळा कोणामुळे उभा राहिला, हा प्रश्न विचारला. खटल्याचा निकाल काहीही लागो, प्रश्न विचारला गेला हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२२ असे सांगते की, इतरांस धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा जागी अथवा अशा स्थितीत वाहन किंवा त्याची ट्रॉली उभी करता येत नाही व सोडूनही देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिव्यांवाचून उभ्या असलेल्या टँकरच्या प्रकरणात, समोरच्या वाहनाच्या झोताने डोळे दिपलेल्या चालकाच्या माथी निम्मा दोष मारण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय फिरविला. २०२४ च्या दुसऱ्या एका निकालात महामार्गाच्या मध्यावर खुणेवाचून सोडून दिलेल्या मोठ्या ट्रेलरचा प्रश्न होता. तेथे न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: मोटारचालकाचा काही दोष असला तरी आत बसलेल्या प्रवाशांच्या वारसांच्या भरपाईतून तो कापून घेता येणार नाही. हे दोन्ही निकाल वाहनांविषयीचे आहेत. परंतु वाहन नसलेल्या वस्तूसही कायदा सोडीत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ प्रमाणे, आपल्या कृतीने किंवा आपल्या ताब्यातील मालमत्तेची योग्य व्यवस्था न ठेविल्याने सार्वजनिक रस्त्यावर धोका उत्पन्न करणे हा गुन्हा आहे. ता. १ जुलै २०२४ पूर्वी जुन्या दंडसंहितेत याच गुन्ह्यास दोनशे रुपये दंड होता. आता तो पाच हजारांपर्यंत आहे. माणूस दगावला तर कलम १०६ लागू शकते व त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

येथे आम्हांस कास्तकार बंधूंना थोडे कटू बोलणे भाग आहे. रस्त्याकडेचे धोके सगळेच सरकारने किंवा ठेकेदाराने निर्माण केलेले नसतात. दिवाळीच्या सुमारास कन्नड, सिल्लोड, फुलंब्री, वैजापूर या बाजूंस जावे, तो अर्धा डांबरी रस्ता मक्याने झाकलेला दिसतो. ढिगाभोवती गाड्यांची चाके येऊ नयेत म्हणून डोक्याएवढे दगड मांडलेले असतात. रात्री ढिगावर काळी ताडपत्री पडते, म्हणजे काळ्या रस्त्यावर काळा ढीग, आणि दोन-तीन दिवसांनी मका पोत्यांत भरून घरी जातो तेव्हा दगड तेथेच राहतात. त्या दगडांस त्यानंतर कोणी मालक नसतो. ऊस वाहणाऱ्या जोडट्रॉलीस मागे लाल दिवा तर नसतोच, पण पन्नास-शंभर रुपयांची रेडियमची पट्टीही नसते. जी असते ती चिखलाने माखलेली. छावणीच्या बाजारातून अंधार पडल्यावर परतणाऱ्या बैलगाडीखाली एके काळी कंदील टांगलेला असे. कंदील गेला आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खणून वर नुसती माती लोटणे, नांगरट झाल्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा गारा डांबरावर तसाच सोडणे, उन्हाळ्यात बांध पेटवून देणे, या गोष्टी तर इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांत दोष आहे असे कोणास वाटतही नाही. बांधाची आग रस्त्याच्या कडेच्या लिंबाच्या अथवा चिंचेच्या बुंध्यास लागते, बुंधा आतून पोखरला जातो आणि मृगाच्या वाऱ्यात ते झाड रस्त्यावर आडवे होते. मग वनखात्यास व बांधकाम खात्यास बोल लावावयास आपण मोकळे!

या सर्वांत मोठा धोका विहिरीचा, आणि तिची गोष्ट इतकी सरळ नाही. पुष्कळ ठिकाणी विहीर आधीची व रस्ता मागाहूनचा असतो. आजोबांनी खणलेली विहीर गाडीवाटेपासून वीस पावलांवर होती; वाटेची सडक झाली, सडक रुंद झाली आणि डांबर विहिरीच्या थारोळ्यापाशी येऊन थांबले. अशा स्थितीत संपूर्ण दोष कास्तकाराचा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या खात्याने रस्ता विहिरीपाशी आणला त्यानेच लोखंडी अडसर घालावयास पाहिजे होता. तथापि नुसते तोंडी सांगून हे शाबीत होत नाही. आपल्या मराठवाड्यात १९५४–५५ चे खासरा पाहणीपत्रक आहे, त्यापुढील सातबाऱ्यांत पीकपाहणीच्या सदरात सिंचनाचे साधन नमूद असते. विहीर रस्त्यापूर्वीची असेल तर त्यांच्या नकला काढून घरात ठेवाव्यात. आणि भूसंपादनात विहिरीचा मोबदला उचलला असेल तर ती विहीर आपली राहिलेली नाही; ती बुजविणे किंवा बंदिस्त करणे हे संपादन करणाऱ्या खात्याचे काम आहे. मोबदला घेऊन तिच्यावर मोटार चालू ठेवणारे बंधू आम्ही पाहिले आहेत. अपघात झाला तर खाते बोट दाखवील ते त्या चालू मोटारीकडे, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. ज्याने रस्ता झाल्यानंतर त्याच्या कडेस नवी विहीर पाडली आणि कठडा बांधला नाही, त्याच्या बाजूने मात्र बोलण्यासारखे काहीच नाही.

दंडाची रक्कम ऐकून कोणी निर्धास्त होईल, म्हणून दिवाणी बाजू अधिक विस्ताराने सांगतो. केरळातील एका पहारेकरी नसलेल्या रेल्वे फाटकावरील अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली असे ठरविले की, मोटारीच्या वापरातून घडलेल्या अपघातात इतर कोणाची हयगय मिळालेली असेल तर त्यासही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाब देण्यास आणता येते. तेथे तो पक्ष रेल्वेचा होता. पण न्यायालयाने मांडलेले तत्त्व फक्त रेल्वेपुरते आहे असे आम्हांस वाटत नाही. आता न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम कशी वसूल होते? त्याच कायद्याचे कलम १७४ पाहावे. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठविते आणि ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. थकबाकीची वसुली म्हणजे काय हे या मासिकाच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही: प्रथम मागणीची नोटीस, मग जंगम जप्ती, मग स्थावराची जप्ती व लिलाव. मोटारीच्या मागे विमा कंपनी उभी असते. मक्याच्या ढिगास विमा नाही, विहिरीस नाही, बैलगाडीसही नाही. ट्रॅक्टरला असतो, परंतु त्या पॉलिसीत ट्रॉली नमूद आहे किंवा नाही हे किती जणांनी वाचून पाहिले आहे? पाचशे रुपयांचे सिमेंट-विटांचे काम टाळणाऱ्याचा सातबारा अशा रीतीने पणास लागतो.

आता दुसरी बाजू, म्हणजे सरकार, स्थानिक संस्था व ठेकेदार यांची. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ घालण्यात आले. रस्त्याची रचना, बांधणी अथवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न झाल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार अधिकारी संस्था, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद चांगली आहे, पण आमच्या मते अपुरी आहे. कोट्यवधींच्या ठेक्यापुढे लाख रुपये म्हणजे बैलाच्या शिंगावरची माशी. आणि तो दंड जातो मोटार वाहन अपघात निधीत, ज्यांचे माणूस गेले त्यांच्या हाती थेट पडत नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे डिसेंबर २०१८ मध्ये जे आकडे आले त्यांप्रमाणे २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसे मेली होती. एवढ्या मरणांपुढे दंडाची ही मर्यादा कशी पुरावी?

याहून पुढचे पाऊल मुंबई उच्च न्यायालयाने टाकले. चांगला रस्ता मिळणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असे त्या न्यायालयाने २०१५ सालीच म्हटले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच प्रकरणात खड्डे व उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू आल्यास वारसांस सहा लाख रुपये, व जखमी झाल्यास दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा हुकूम झाला, आणि ही रक्कम दोषी अधिकारी व ठेकेदार यांच्याकडून वसूल करावी असेही सांगण्यात आले. हा हुकूम शहरांच्या तक्रारींतून निघाला. खेड्याच्या रस्त्यावर खड्डा पडला तर माणूस कमी मरतो असे नाही. तेव्हा जिल्हा परिषदेच्या रस्त्यांवरही हीच रीत स्पष्ट शब्दांत लागू व्हावी अशी मागणी आपल्या संस्थांनी एकमुखाने केली पाहिजे.

परंतु कलम १९८अ मध्ये एक बारीक गोष्ट आहे, आणि आमच्या या लेखाचे मर्म तीच आहे. दोष ठरविताना न्यायालयाने काय काय पाहावे याची यादी त्या कलमात दिली आहे. तीत असे आहे की, रस्त्याचा तो भाग धोक्याचा आहे हे संबंधित संस्थेस ठाऊक होते काय, किंवा ठाऊक असावयास पाहिजे होते काय. आणि दुरुस्ती होईपर्यंत तेथे इशाऱ्याची पाटी लावली होती काय. ‘आम्हांस माहीतच नव्हते’ ही खात्यांची जुनी ढाल आहे. सडकेच्या झाडांच्या प्रकरणांत तिचा महिमा दिसून येतो. राजकोट येथे रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एक गृहस्थ वारले, त्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली महापालिकेवर जबाबदारी बसविली नाही. दिल्लीत १९६४ साली स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर फांदी मोडून पडली व तो मेला. तेथे मात्र १९९९ साली त्याच न्यायालयाने महापालिकेस जबाबदार धरले, कारण झाडांची वेळोवेळी पाहणी करून धोक्याची फांदी काढणे हे तिचे काम होते. वारसांस निकाल मिळावयास पस्तीस वर्षे लागली हे मुद्दाम सांगावेसे वाटते. या दोन निकालांमधले अंतर कोणत्या एका गोष्टीने भरून निघते म्हणाल तर ते, आमच्या समजुतीप्रमाणे, लेखी सूचनेने. गावाने अपघातापूर्वी अर्ज दिला असेल, त्यावर आवक क्रमांक व तारीख पडली असेल, तर ‘माहीत नव्हते’ हे शब्द त्या खात्याच्या तोंडून निघू शकत नाहीत.

मग अर्ज कोणाकडे द्यावा? येथे सामान्य माणूस गांगरतो. छावणीतून निघून आपल्या गावी पोहोचेपर्यंत कॅन्टोन्मेंट बोर्ड, महापालिका, राज्याचे बांधकाम खाते किंवा राष्ट्रीय महामार्ग, आणि शेवटी जिल्हा परिषद, असे रस्त्याचे धनी बदलत जातात. आणि खड्डा दोघांच्या शिवेवर असला तर तो दोघांचाही नसतो. अशा वेळी प्रांत अथवा तहसीलदार यांच्याकडे, कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज करावा. हे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होय. सार्वजनिक वाटेवरील अडथळा दूर करणे, पडावयास आलेले झाड किंवा बांधकाम काढविणे, आणि वाटेलगतची विहीर, तलाव अथवा खणलेला खड्डा यांना कुंपण घालविणे, हे सर्व त्यात नावानिशी आले आहे. तो हुकूम खासगी मालकावर निघू शकतो तसा संस्थेवरही निघू शकतो. रतलाम नगरपालिकेने पैसे नाहीत ही सबब सांगितली असता सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली ती याच कलमाखालील प्रकरणात झिडकारली होती. इतके उपयोगी कलम आमच्या डोळ्यांदेखत किती कमी वापरले गेले! बहुतेक अर्ज येत ते शेजाऱ्याच्या गटाराविषयी.

अपघात झालाच तर पोलीस पाटील व गावचे दोन जाणते लोक यांनी पंचनामा संपेपर्यंत तेथून हलू नये. विहीर, ढीग, खड्डा, वाकलेला खांब, उभी ट्रॉली, जे काही असेल त्याचे डांबराच्या कडेपासूनचे अंतर टेपने मोजून पंचनाम्यात घालण्याचा आग्रह धरावा. कठडा होता की नव्हता, पाटी होती की नव्हती, दिवा होता की नव्हता, हे शब्दांत यावे. आता प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र घेणारे यंत्र आहे. त्याचा उपयोग जखमींची चित्रे काढून गावभर पाठविण्याऐवजी या कामी करावा. जखमीस दवाखान्यात नेणाऱ्या माणसावर खटला होत नाही, त्यास कलम १३४अ चे संरक्षण आहे, म्हणून त्या भीतीने कोणी मागे राहू नये. वारसांनी भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणात द्यावा आणि वकिलास पहिल्याच भेटीत सांगावे की, वाहनमालक व विमा कंपनी यांच्या जोडीस रस्त्याचे खाते किंवा धोका निर्माण करणारा यासही पक्षकार करावयाचे काय, याचा विचार व्हावा. मागाहून नाव घालणे अशक्य नसले तरी तोवर पुरावा निघून जातो.

मका वाळवावा कोठे, असा प्रश्न आम्हांस खात्रीने विचारला जाईल आणि तो रास्त आहे. पूर्वी प्रत्येकाचे खळे असे. खळ्याची जागा पिकाखाली गेली, मळणीयंत्र आले, आणि परतीचा पाऊस पिकाच्या ऐन काढणीवर येऊ लागला. ओल्या मक्यास व्यापारी भाव पाडतो, म्हणून डांबरी रस्ता हाच सर्वांत तापणारा व फुकटचा ओटा ठरला आहे. यावर दंडाची भीती घालून भागणार नाही. गावठाणाच्या कडेस, गायरानाचा जो तुकडा अतिक्रमणापासून वाचला असेल तेथे, ग्रामपंचायतीने सिमेंटचा सामाईक ओटा बांधावा व पाळीपाळीने वापरू द्यावा. बाजार समित्यांनीही आपल्या आवारातील ओटे सुगीचे दोन महिने यासाठी खुले करावेत. ते होईपर्यंत ज्यास रस्त्यावाचून गत्यंतर नाही त्याने निदान दगड मांडू नयेत, सूर्यास्तापूर्वी माल उचलावा, आणि वळणावर व पुलाच्या तोंडाशी कणभरही धान्य पसरू नये. आमच्या संघाच्या येत्या बैठकीत सामाईक ओट्याचा ठराव यावा अशी सूचना आम्ही चिटणिसांकडे लेखी दिली आहे. रस्त्यालगतच्या विहिरींची गावनिहाय यादी करण्याची विनंतीही तीत केलेली असून, ज्या सभासदांच्या विहिरी डांबराजवळ आहेत त्यांनी गट नंबर व अंतर यांसह आपली माहिती बैठकीपूर्वी पाठवावी.